धरायला कुणीतरी लागतं

...नाही, थांबा, आधी तो आवाज सांगतो. कट्ट — असा. मी पाच-सहा वर्षांचा असेन, सकाळी आम्ही सूप पीत बसलो होतो आणि बाहेर बर्फाखाली फांदी मोडली. बाबांनी वाटी खाली ठेवली, म्हणाले, ‘गेली.’ बस्, एवढंच. परत वाटी उचलली. मार्च होता बरं का. लोकांना वाटतं बर्फ पडताना झाड मोडतो — छे! पडताना तो कापसासारखा असतो. वितळायला लागला, खाली बसायला लागला, की आत अडकलेल्या फांद्यांना धरून ओढतो. येताना नाही मोडत तो. जाताना मोडतो.

यंदा तो आवाज तुमच्या अंगणातून आला, हात्सुए-सान. असं इकडून या, चिखल आहे — शहरातले बूट दिसतायत. योशिकाझूनं घेऊन दिले? छान आहेत. त्याला म्हणावं गाडी बंद तरी कर, पेट्रोल काय आभाळातून पडतं? बरं, राहू दे. लेकांना घाई असते. सामान भरून, कुलूप लावून झालं ना घराला? मग दोनच मिनिटं.

हे बघा तुमचं अझेलियाचं फुलझुडूप. बुंध्यापासून उभं चिरलंय, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मी ओढून नाही काढलं हं — ओढलं की उरलेलंही मोडतं. चुलीतली राख पसरली बर्फावर. राखेला ऊन लागतं, मग बर्फ आपणहून सोडतो. नखानं साल खरवडून पाहिली. ही बाजू हिरवी. ही... तपकिरी. वरही तपकिरी. अगदी खाली, इथं, जरासं हिरवं आहे. आहे ना? मला हल्ली नीट दिसत नाही, तुम्ही बघा. आहे म्हणा.

धरा आता. दोन्ही हातांनी, दोन्ही अर्धी एकमेकांवर दाबून. हां, अशी. खुबा दुखला तर सांगा. पेंढ्याचा दोर आहे, भिजवून आणलाय, भिजला की हाताचं ऐकतो. खाली चिंधी घालतो, सालीला काचायला नको. तुमचा घरधनी इवाओ होता तेव्हा दर हिवाळ्याआधी, बर्फाच्या भारानं मोडू नयेत म्हणून, झुडपांभोवती तो काठ्या धरायचा आणि मी बांधायचो — तुमची झाली की माझी. तो गेला त्या हिवाळ्याच्या तोंडाशी तुम्ही बाहेर आलात आणि काही न बोलता त्याच्या जागी उभ्या राहिलात. मग मात्र बोललात! ‘तोकुजी-सान, गाठ मारताय की पोथी वाचताय?’ हळूच आहे मी, काय करणार. आणि हे काही एकट्याचं काम नाही.

नोव्हेंबरात तुमचं खुब्याचं हाड मोडलं, योशिकाझू घेऊन गेला तुम्हाला. म्हणाला, थंडी सरली की आणतो. मी काठ्या आणून तुमच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. गावकचेरीतला तो जाड्या येऊन गेला — ‘आजोबा, मी धरू का?’ म्हटलं, जा रे, मला काय एकट्याला येत नाही? खाली फास टाकायचा, काठ्यांना गुडघा लावायचा, बाबा जन्मभर एकटेच तर —

हं.

नाही, म्हणजे... एकट्यानं बांधलेलं झुकतं जरा. दोघं असले की नीट होतं. मग का नाही बांधलं म्हणता? बांधणारच होतो. तरी वाटायचं, आज येतील, उद्या येतील. पहिला बर्फ पडला तेव्हा काठ्या भिंतीलाच होत्या. मग भिंतही दिसेना आणि काठ्याही.

सोडू नका हं. चिरलेल्याला खरंच दोघं लागतात, शपथ. चीर भरायला तीन वर्षं तरी जातात, दर वसंतात दोर सैल करून परत बांधायचा. भरेल? मला नाही वाटत. खोटं कशाला बोलू तुमच्याशी. खालच्या आळीत आता धूर निघणारं घर उरलं नाही, वर माझं एक. ते भरलं काय न भरलं काय, बघायला कोण आहे? तरी म्हणतो, पुढच्या वर्षी... योशिकाझूला सुट्टी असेलच की एखादी. एक दिवस. काम काही नाही, नुसतं धरायला.

हॉर्न देतोय. देऊ दे. एकच वेढा राहिलाय, एक वेढा आणि गाठ — अहो, हात काढू नका —

बरं. बरं, असू दे. मी गुडघा लावतो. येतं मला, मघाशी सांगितलंच. या तुम्ही. तिकडून नका जाऊ, तिकडे राख आहे, नवे बूट काळे होतील — हात्सुए-सान, इकडून —

गाडीच्या आवाजात ऐकू नाही आलं — काही म्हणालात?