दीड सेकंद

थूरा : दीड सेकंद. बटण दाबल्यापासून दिवा लागेपर्यंत. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा तेवढंच. तुझ्या बाबांनी बसवलेल्या बटणाला मोजण्याइतका वेळच लागत नव्हता.

आसगर : आई, मी ओडेन्सेहून जीव मुठीत धरून गाडी हाणत आलो आणि तू सेकंद मोजतेयस? साडेतीनच्या आत माझ्या फोनवर तुझी अकराच्या अकरा बटणं गप्प झाली!

थूरा : होणारच. मी फ्यूज काढला होता.

आसगर : का पण?

थूरा : कारण साडेतीनला तुझे दिवे आपोआप लागतात. नोव्हेंबरात आपल्याकडे त्याच वेळी उजेड उतरायला लागतो, तेव्हा मी सांज धरून बसते. पुरता अंधार होईपर्यंत दिवा नाही, काम नाही, फोन नाही. लहानपणी माझ्या मांडीवर तूही बसायचास. ऑगस्टमध्ये तू ही फोनला जोडलेली बटणं लावलीस, तेव्हापासून संध्याकाळ झाली की माझ्या बैठकीचं ऑपरेशन थिएटर होतं.

आसगर : सात फोन केले मी. शेवटी विलाड्सना केला. शेजारी आहात, पळत जाऊन बघा म्हटलं, तर हे म्हणतात, ठीक आहे ती. जागचे हललेही नाहीत!

विलाड्स : हलून जाऊ कुठे? मी इथेच, त्या खुर्चीत होतो. फोन बंद करायला विसरलो, त्याबद्दल तिची बोलणीही खाल्ली.

आसगर : हसू नका. जूनमध्ये न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. तीन तास कुणाला पत्ता नाही.

थूरा : तेव्हा न्हाणीघरातला दिवा चालूच होता. तुझ्या फोनला सगळं छान दिसलं असतं.

विलाड्स : मला कळलं ते तिच्या खिडकीच्या पडद्यावरून. नऊ वाजले तरी उघडला नव्हता.

आसगर : निदान आता बटणांवरून तुझा दिवस कसा जातो ते मला कळतं.

थूरा : हो ना! परवा म्हणालास, आई, पहाटे तीनदा उठलीस, लघवी तपासून घे. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत मी गावाच्या लघव्या तपासल्या. माझी कुणी फोनवरून तपासलेली चालायची नाही.

आसगर : काळजीनं म्हणालो गं.

थूरा : माहीत आहे. पण पूर्वी तू विचारायचास, झोप लागली का. आता आकडा बघतोस आणि विचारायचंच राहतं.

आसगर : बरं, मग ओडेन्सेतल्या त्या फ्लॅटचं सांग. लिफ्ट आहे, माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे. शुक्रवारी होकार कळवायचा शेवटचा दिवस. चार महिने नुसतं 'बघू' म्हणतेयस.

विलाड्स : चारच? मी ईस्टरपासून 'बघू' ऐकतोय.

आसगर : तुम्ही काय विचारलंत?

विलाड्स : माझं घर विकून इथे राहायला येऊ का.

आसगर : आई?

थूरा : मला पहारेकरी नको होता. ना फोनमधला, ना खुर्चीतला. म्हणून थांबले. आज फ्यूज काढायला निघाले तेव्हा वाटलं, आता हाही म्हणणार, तू बस, मी काढतो.

आसगर : तसं म्हणाले नाहीत?

थूरा : नाही. त्यानं स्टूल धरलं.

आसगर : नव्या खुब्यावर तू स्टुलावर चढलीस?

विलाड्स : चांगलं घट्ट धरलं होतं.

(थूरा खणातून कागदात गुंडाळलेली काळी, गोल बटणं काढून टेबलावर ठेवते. शेजारी एक स्क्रू-ड्रायव्हर.)

थूरा : तुझ्या बाबांची अकराही जपून ठेवलीत. तू काढलीस, तूच लाव. जिन्याजवळच्यापासून सुरुवात कर. आणि शुक्रवारची वाट कशाला बघायची? फ्लॅटवाल्यांना उद्याच कळव, मी येत नाही.

आसगर : आणि विलाड्स?

थूरा : विलाड्स, तू ये राहायला. येताना तुझी खुर्ची आण. ही तुझ्या पाठीला बरी नाही.