वजिफ्याच्या यादीतलं नाव

माझं माहेर पिंपळगाव रेणुकाई, तिकडं भोकरदनकडं, अन् दिलं मला इकडं अंबडच्या अंगाला, अंतरवालीच्या अलीकडं. काय सांगू तुम्हाला, माहेरी देवीची गाणी आयकत वाढले अन् सासरी आले तर इथंबी घर गाण्याचंच. मामंजी, म्हंजी माझे सासरे सोपानबुवा, पखवाज वाजवायचे अन् मालक गायचे. मालकाचं नाव किसन. आधी घेत नव्हते मी नाव, आता घेते, न्हाई घेतलं तर गोष्टच कळायची न्हाई तुम्हाला.

तवा राज हैदराबादचं. चार माणसं जमवून बसायचं तरी इजाजत लागायची. आमच्या भजनी मंडळाला मातर कोणी अडवत नव्हतं, कारण अंबडला एक म्हातारे जहागीरदार होते, गाण्याचे मोठे शौकीन, ते खैरातीतून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना सालाचा वजीफा द्यायचे, कव्वाल असो, गोंधळी असो, भजनी असो. पखवाज मढवायचा, टाळ आणायचे, समदा खर्चा त्यातून. अन् त्यांच्या शिक्क्याचा कागद दाखवला की शिपाईबी वाट सोडायचा.

मंग ते वारले अन् पुतण्या गादीवर आला. त्यानं हुकूम काढला, वजीफा चालू राहील, पर मंडळात कोण कोण हाय, त्यांची नावं, बापाची नावं, लिहून द्या. मामंजी म्हणले, गाणं आयकायला नावं कशाला लागतात? पर मालकानं दिली लिहून, अकरा नावं, पहिलं आपलंच, किसन सोपान. त्याच सालात सरकारच्या बाजूची, हत्यारं घेतलेली माणसं गाडीत बसून गावोगाव फिरायला लागली होती. शेजारच्या गावात कडब्याच्या गंजी पेटवल्या, त्यांची राख आमच्या अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीवर येऊन पडली, मी सुपानं पाखडत राह्यले, जाता जाईना.

अन् आमचं भजन निस्तं भजन नव्हतं. सरहद्दीपल्याडून सरकारशी लढणारी माणसं यायची, अभंग चालू असताना मालकाच्या कानाशी निरोप सांगून जायची. मला ठाऊक होतं. बायकांना समदं ठाऊक असतं, इचारत न्हाई कोणी.

एक दिवस भर दुपारी जहागीरदाराचे मुन्शी दारात आले. जुन्या जहागीरदाराच्या वेळचं माणूस, मामंजींचा पखवाज आयकायला मुद्दाम यायचं. त्या दिवशी पाणीबी घेतलं न्हाई. मालक घरी नव्हते. मुन्शी म्हणले, सोपानबुवा, मंगळवारी वजीफा घ्यायला किसनला बोलावलंय, त्याला बिलकुल पाठवू नका, वजीफा निस्तं निमित्त हाय, तिथं हत्यारवाले बसलेत. मामंजी म्हणले, अन् कोणीच न्हाई गेलं तर? मुन्शी खाली बघत म्हणले, तर बुधवारी गाडी इथं येईल, अकराच्या अकरा घरांवर. मामंजींनी इचारलं, किसनचं तोंड वळखतं का तिथं कोणी? मुन्शी म्हणले, मी सोडून कोणी न्हाई. माझी तव्यावरची भाकर जळून चालली तरी ध्यान न्हाई.

मुन्शी गेल्यावर मामंजी म्हणले, सूनबाई, यादीत वय लिव्हलेलं न्हाई. मला आधी कळलंच न्हाई. मंग म्हणले, किसनला सांगायचं न्हाई, तुला माझ्या गळ्याची आण. मंगळवारी धुतलेलं धोतर नेसले, पखवाजावर एक थाप मारून पाह्यली अन् पायी निघाले. मालकानं इचारलं, बाप कुठंय, मी म्हणलं, पिंपळगावला गेलेत, माझा भाऊ आजारी हाय. खोटं बोलले.

बुधवारी गाडी आली न्हाई. मामंजीबी आले न्हाईत. चार दिवसांनी मालकाला निरोप आला अन् ते सरहद्दीपल्याड गेले. मंग आषाढात मुन्शी आले, उंबऱ्याबाहेरच उभे राह्यले, म्हणले, जेलात ताप भरला, कागदावर किसन सोपान मयत झाला. आता सांगा, मी काय करायचं? कुंकू ठेवलं असतं तर गावात बोभाटा झाला असता, अन् म्हाताऱ्याचं मरण वाया गेलं असतं. समद्या बायांसमोर बांगड्या फोडल्या, जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं. अन् पुसताना एकच भीती, आपल्या हातानं हा अपशकून झाला, आता तिकडं त्यांचं खरंच काही होतंय.

भादव्यात फौज आली, राज बदललं, अन् मालक दाढी वाढलेले दारात उभे. माझं पांढरं कपाळ बघत राह्यले. म्हणले, बाप? मी समदं सांगितलं. म्हणले, तुला ठाऊक होतं? मी म्हणलं, हो. दिवाळीपर्यंत बोलले न्हाईत माझ्याशी. पाडव्याला आपल्या हातानं कुंकू लावलं अन् म्हणले, तू सांगितलं असतं तर मी गेलो असतो. तेवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला न्हाई.

त्यांना जाऊनबी लई सालं झाली. परवा गावातली पोरं आली, म्हणली, आज्जी, भजनी मंडळाला अनुदान मिळून राह्यलं, फारम भरायचाय, तुमच्या नातवाचं नाव घालू का? मी इचारलं, देणारा कोण हाय, कसा हाय? पोरं हसली. त्यांचंबी बराबर हाय, त्यांनी कुठं पाह्यलंय. मी म्हणलं, घाला बाबांनो, गळा हाय तवर गावं माणसानं, तुमचं कल्याण होवो. पर ज्या दिवशी नातू तालुक्याला जाईल, त्या दिवशी तो घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाई.