अंजूरची लाइन

भिवंडीत अंजूरच्या शेअर रिक्षांसाठी रांग लागली होती. यामिनी तिसरी. ज्या गोदामात ती कारकून होती, त्याचा मालक खाडीत रसायन सोडतो, हे ती तीन महिने डार्क वेबवर नाव लपवून लिहीत होती. घरीही कुणाला ठाऊक नव्हतं. पुढचे दोघे अनोळखी होते.

“डार्क वेबवर मानूस सापडतच न्हाय म्हनं?”

“मशीन सापडत न्हाय. मानूस सोताच बोलून जातो.”

“म्हंजे?”

“तो खाडीवाला बघ. नाव न्हाय, पत्ता न्हाय. पन एकदा लिवलं, दारातल्या विहिरीला वास येतो.”

“मग?”

“खाडीकडं दारात विहीर असलेली घरं किती? अंजूरला तीन.”

“त्यातला तो कोन?”

“तो न्हाय, ती. एकदा चुकून लिवून गेली, ‘मी थकले’.”

“शेठला सांगितलंस?”

“त्यांनीच धाडलंय. दोन घरं बघून झाली. आज तिसरं.”

रिक्षा आली. दोघे मागे बसले. एकाने सरकून जागा केली.

“या ताई, अंजूर ना?”

“नाही,” यामिनी म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

“मग अंजूरच्या लाइनीत कशाला हुभ्या?”