सही मी पाहिलीच नाही

अध्यक्षस्थानी असलेल्या अधिष्ठाता डॉ. कालिंदी मॅडम, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सहकारी, परिचारिका भगिनी आणि निवासी डॉक्टर मित्रहो,

आत्ता हार घालता घालता मॅडमनी मला सांगितलं, की आमच्या निवासी डॉक्टर ओवी यांनी मार्चमधल्या त्या एक्स-रेची नोंद एआय उघडण्याआधीच केली होती. द्वारकाबाई सिस्टरांची सही दहा वाजून दहा मिनिटांची, एआय उघडला दहा चाळीसला. ओवींच्या अर्जावरून मॅडमनी दोन्ही वेळा स्वतः ताडून पाहिल्या.

बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या विभागात माझा नियम आहे. छातीचा एक्स-रे आधी स्वतः पाहायचा, वहीत पेन्सिलीनं लिहायचं, सिस्टरची सही घ्यायची, मगच एआयला विचारायचं. केवढा शिस्तीचा माणूस, असं वाटेल तुम्हाला! खरं सांगू? मला त्या यंत्राचा हेवा वाटायचा. बत्तीस वर्षं पोरं "सर, जरा बघता का?" म्हणत माझ्या दाराशी यायची. आता आधी स्क्रीनकडे वळतात. डॉ. मंदार तर म्हणाले, "सर, ते चिडत नाही ना!" हसा, हसा. मीही हसलो होतो, दात दाखवण्यापुरता.

मार्चमध्ये शेंद्र्याचे फकिरा खोकल्यासाठी आले. मी एक्स-रे पाहिला आणि म्हटलं, "रोज टँकरमागं उभे राहता, धुळीचा खोकला आहे."

"व्हय सायेब, लई धूळ हाय." ते खूश.

एआयनं उजवीकडे वर डाग दाखवला. ओवींच्या वहीतही तोच. मी ठरवूनच टाकलं, नक्कल! त्यांच्या प्रशिक्षणाच्या लॉगबुकात शेरा मारला, "यंत्र पाहून लिहितात." त्या एवढंच म्हणाल्या, "सर, सिस्टरांची सही तरी बघा."

मी बघितली नाही. का? बघितली असती, तर माझ्या नजरेतून सुटलेलं या मुलीला दिसलं, हे कबूल करावं लागलं असतं. यंत्राचा हेवा मी चारचौघांत बोलून दाखवायचो. तिचा हेवा मनातही मान्य करवेना.

फकिरांना ओवींनीच फोन करून परत बोलावलं. तपासणीत क्षयरोग निघाला, औषधं सुरू आहेत. माझ्या शेऱ्यामुळं ओवींचं प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मात्र अडलंय.

शाल-श्रीफळाबद्दल, इतक्या वर्षांच्या मायेबद्दल आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. शेऱ्याची माफी मात्र मी तिसऱ्या रांगेत बसलेल्या डॉ. ओवींकडेच मागतो. उद्या माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळी दहाला लॉगबुक घेऊन या, डॉक्टर. शेरा मी माझ्या हातानं रद्द करीन, चूक माझी होती असं खाली लिहीन. मॅडम सही करतील आणि दुपारपर्यंत तुमचे कागद विद्यापीठाकडे रवाना होतील.