तिसरं ‘पाटाचं पाणी’

डीजेचं नाव काढलंत म्हणून सांगते. माझ्या नणंदेची हळद निमगावच्या कार्यालयात होती. नवरदेवाची आई बारामतीची. त्या विहीणबाई सारख्या म्हणायच्या, "तुमच्याकडच्या बायका लईच गपगार हायत."

सासूबाईंना ते लागलं. त्यांचं भजनी मंडळ हाय, टाळ कायम पिशवीत. त्यांनी डीजेवाल्याला सांगितलं, "पाटाचं पाणी लाव." त्यांना भजन पाहिजे होतं. त्यानं त्याच नावाचं नाचायचं गाणं लावलं. विहीणबाई पोट धरून हसल्या. "नाचा आता, माळकरी बाई."

सासूबाईंनी पदर खोचला, टाळ काढले आन् डीजेवाल्याला म्हणाल्या, "त्या गाणाऱ्या बाईला गप कर. नुसता ठेका ऱ्हाऊ दे."

त्याच ठेक्यावर त्यांनी आपलं भजन धरलं. मंडळाच्या बायकांनी मागनं सूर दिला. बघता बघता बारामतीकरणी फुगड्या घालायला लागल्या.

शेवटी विहीणबाईच घामाघूम होऊन मोबाइल घेऊन आल्या. "ह्या नावाची दोनच गाणी दिसत्यात हितं, एक भजन आन् एक नाचायचं. तुमचं कुठलं वो?"

सासूबाई टाळ पुसत म्हणाल्या, "त्यात घावायचं न्हाय. ते आत्ताच झालंय."