हवालदार मले भेटला, भावाले नाई

मी ढिवराची पोरगी, मास्तर. बोदलकस्याचा तलाव बांधला तवा माजा बाप मातीच्या कामाले होता, मंग तलावात पानी भरलं न् आमी त्याच पान्यातल्या मासोऱ्यायवर जगलो. मायबाप लवकर गेले. राहिलो दोघंच, मी न् माजा भाऊ दसरथ. तो एकोनीसचा, मी सतराची, तवाचं सांगून राहिली.

मालगुजाराच्या घरचा चांदीचा कडा हरवला. त्याचा कारभारी म्हने, दसऱ्या मासोऱ्या द्याले आलता, त्यानंच नेला. झालं, शिपाई आले न् भावाले ठान्यात घेऊन गेले. काय सांगू तुमाले, खाटेच्या पायाखाली त्याचा उजवा हात ठेवला न् खाटेवर दोघं जन बसले, कबूल कर म्हने, तो म्हने मी नाई नेला, का ते अजून दाबत, असे दोन दिवस. मी बाहेर आंब्याखाली बसून आयकून राहिली होती.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा हवालदार दौऱ्यावरून परत आला, हिंदी बोलनारा. बाई, यहाँ काहे को बैठी हो, म्हने. आतमंदी नेलं, स्टुलावर बसवलं, मले, ढिवराच्या पोरीले! पानी देल्लं. बोलो, डरो मत. मी सांगतलं, कडा हरवला त्या दिवशी दसरथ माज्यासंगं गोरेगावच्या बाजारात सुकी मासोरी विकून राहिला होता. त्यानं लिवलं, न् लिवलेलं मले वाचून दाखवलं. मी म्हनलं, सांज नाई साहेब, सकार. त्यानं खोडून सकार लिवलं. मंग सोता गोरेगावले गेला, आमच्या बाजूले बसनाऱ्या मिठवाल्याले पुसलं, न् भावाले सोडलं. हवालदारानं उठवाले हात देल्ला तर भाऊ भिंतीले चिपकला. तीन बोटं मोडली होती. जाळं फेकनं सुटलं ते सुटलंच.

चार वर्सानं, मोहाच्या दिवसात, आमच्या शेजारच्या जनीची पारबता, चवदा वर्साची, मोहफुलं येचाले गेली ते आलीच नाई. दुसऱ्या दिवशी तलावात तरंगली. दसरथनंच तिले बाहेर काढलं. घरी आला न् मले म्हने, सोने, काल कारभारी तिले ओढत नेऊन राहिला होता, मी दूरून पाहिलं, धावलो, पन पोचलो तवा कोनीच नोहतं.

मी म्हनलं, चाल, ठान्यात सांगू. त्यानं हात पुढं केला. कोनाले सांगू, म्हने, हे ज्यायनं मोडले त्याहीले? मी म्हनलं, सगरे तसे नसतेत रे, तो हवालदार नोहता का? तो म्हने, तो तुले भेटला, बाई. मले खाटेवर बसनारे भेटले.

मंग मी एकटीच गेली. हवालदाराची बदली झाल्ती. मी कारभाऱ्याचं सांगतलं तर नवा ठानेदार म्हने, तुवा पाहिलं? नाई. मंग कोनं पाहिलं? भावाचं नाव जिभेवर आलं न् मी गिळलं. त्याले पुन्हा आत नेतीन, मले वाटलं. पाय घसरून पडली, असं लिवलं त्याहीनं. कारभारी अजून मालगुजाराच्या ओसरीवर बसते.

दसरथचे दोन पोट्टे आता जवान झाले. त्याहीले कोनी बोट नाई लावलं कदी, पन खाकी दिसली का जंगलात भागतेत. मी त्याहीले माजा हवालदार सांगते. आयकतेत न् हासतेत.

जनी दर बाजाराले माज्याजवरच मासोऱ्या घेते. जाताना म्हनते, तुज्या भावानं माजी पोरगी पान्यात सडू नाई देल्ली, देव त्याच्या लेकरायले सुखी ठेवो. दर खेपेले म्हनते, मास्तर. मी मान खाली घालून खवले काढत राहते.