फ्लेक्समधून कापलेल्या तुकड्याबाबत

नाव जनकाबाई पुंजाजी सुरुशे, वय एकोणसाठ, धंदा गोधड्या शिवणे, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. शाळेत गेलेले नाही, वाचायला घरीच शिकले. पोलीस ठाण्यात आपणहून हजर होऊन सांगते ते असे.

दि. ७ जानेवारीला सकाळी नळाला पाणी आले होते. मी दोन टाक्या भरल्या, अंगण झाडले, ओट्यावर उरलेला ज्वारीच्या भेंडाचा चुरा गोळा केला. पूर्वी तो चुरा माझ्या पतींच्या कामाचा असे, आता माझ्या कामाचा असतो. चहा घेतला. मग गोधडीची कात्री आणि स्टूल घेऊन बसस्टँडवर गेले. साडेसहा झाले असतील. तिथे कलीमच्या पंक्चरच्या दुकानासमोर बांधलेल्या फ्लेक्समधला तुकडा मी कापला. कलीमने नाही.

फ्लेक्स माझे पती पुंजाजी यांच्या श्रद्धांजलीचा होता. ते दि. १४ ऑक्टोबरला छातीच्या दुखण्याने वारले. तेरवीच्या आदल्या दिवशी गावच्या युवक मंडळाने तो लावला. यांचा धड फोटो एकच होता, काम चालू असताना शेजारच्या वंदनाने मोबाईलवर काढलेला. त्यात ते ओट्यावर बसलेले आहेत आणि मांडीवर कापसाच्या जिनिंगची प्रतिकृती आहे. फोटो मीच दिला. स्पर्धेचा नियम मला तेव्हा माहीत नव्हता.

ज्या जिनिंगमध्ये यांनी अठ्ठावीस वर्षे काम केले, तिची ती प्रतिकृती. खरी जिनिंग पाडली. ही ज्वारीच्या धांड्यांची, म्हणजे वाळलेल्या ताटांची आहे. भिंती सालीच्या, छपराखाली ताटातला मऊ भेंड, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे. मेहकरला एक कलामंडळ दरवर्षी हाताने केलेल्या प्रतिकृतींची स्पर्धा घेते. पहिली येणारी प्रतिकृती त्यांच्या सभागृहात काचेच्या कपाटात कायमची राहते, खाली करणाऱ्याच्या नावाची पाटी असते. यांना तेवढेच हवे होते. दोन वर्षे लुगड्याखाली झाकून काम केले. कोणी विचारले तर म्हणत, "होऊ दे आधी. अर्धं दाखवलं का लोक पुरं पाहाले येत नाहीत." ते गेले तेव्हा धुराडे राहिले होते. ते मी अडीच महिन्यांत केले. आधीची दोन मोडली.

दि. ६ जानेवारीला मी प्रतिकृती घेऊन नाव नोंदवायला गेले. कलामंडळाचे महादेवराव यांनी लुगडे बाजूला केले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, हे तं मी पाह्यलं आहे. तुमच्या स्टँडवर. पुंजाजीभाऊच्या मांडीवर." मग नियमांचा कागद पुढे केला. ते वाचून दाखवणार होते, पण तोवर माझे वाचून झाले होते. पाचवा नियम असा होता की प्रतिकृती यापूर्वी कोठेही मांडलेली किंवा मोबाईलवर टाकलेली नसावी.

मी म्हटले, "त्या फोटोत धुराडं नाही. धुराडं मी केलं."

ते म्हणाले, "अर्धं पाह्यलं तरी पाह्यलंच ना. मांगच्या साली एकानं गणपतीतली आरास उचलून आणली अन् पयला आला. लोकायनं मलेच धारेवर धरलं. आता तुमाले सोडलं तं उद्या कोणाले अडवू?"

नियम मला पटला. एकदा वाहवा घेतलेली वस्तू पुन्हा स्पर्धेत आणणे बरे नाही. पण फ्लेक्स पाहून कोणी वाहवा केली नव्हती. लोक हात जोडून पुढे जात होते. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "भर स्टँडवर तो फ्लेक्स लटकून असताना मी नाही पाह्यलं कसं म्हणू?"

फ्लेक्सवर प्रतिकृती नसली तर ते नाव घेतील, असा मी त्याचा अर्थ घेतला. तो अर्थ माझा आहे. त्यांनी तसे सांगितलेले नाही.

कापताना यांचा चेहरा ठेवायचा होता, तो राहिला. दोन्ही हात प्रतिकृतीला धरलेले होते, ते मनगटापासून तुकड्यात आले. खाली शोकाकुल म्हणून फोटोंची ओळ होती, त्यातला युवक मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव यांचा अर्धा चेहराही आला. त्यांच्याशी माझे वाकडे नाही.

दि. ८ रोजी तो तुकडा आणि प्रतिकृती घेऊन मी पुन्हा मेहकरला गेले. महादेवरावांनी तुकडा हातात घेतला नाही. खिशातून मोबाईल काढून दाखवला. त्यात तोच फ्लेक्स होता, तेरवीच्या दिवशी कोणी तरी पाठवलेला. ते हळू बोलले, "हा साऱ्यायच्या मोबाईलवर आहे, वहिनी. कुठून कुठून कापसान?"

मी एस.टी.ने परत आले. प्रतिकृती मांडीवर होती.

घरापाशी कलीमची आई बिस्मिल्ला उभी होती. पंजाबरावांनी तक्रार दिल्याचे तिच्याकडून कळले. फ्लेक्सने दुकानाची पाटी झाकली जाते, असे कलीम मागे चारचौघांत बोलला होता, म्हणून त्याचे नाव घेतले गेले. त्याला ठाण्यात बोलावून विचारपूस झाली आणि सकाळी पुन्हा यायला सांगितले. ती म्हणाली, "जनकाबाई, तुमच्या घरच्या तेरवीले माह्या पोरानं खुर्च्या वाह्यल्या. तो काऊन फाडीन?"

मी म्हटले, "त्यानं नाही. मी कापला."

 प्रतिकृतीवरचे लुगडे सरकले होते, ते नीट करून ती गेली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज दि. ९ रोजी, मी पाणी भरले. प्रतिकृती माळ्यावर ठेवली. आता झाकण्याचे कारण नाही, म्हणून लुगडे धुऊन वाळत घातले. कात्री आणि तुकडा पिशवीत घेतला आणि चालत ठाण्यात आले. दोन्ही वस्तू जमा केल्या आहेत. कात्री नाही मिळाली तरी चालेल. तुकडा काम झाल्यावर परत मिळावा, त्यात यांचे हात आहेत.

जबाब मी स्वतः वाचला. 'फ्लेक्स फाडला' असे लिहिले होते, तिथे 'कापला' करून घेतले. तुकडा परत मागितल्याची ओळ हवालदारांनी घेतली नव्हती, ती घालायला लावली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे. खाली माझी सही आहे, अंगठा नाही.